माहेरच्या नावाची विद्यार्थिनी

मला आधीपासून ठाऊक होतं. एवढं एक वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्या माणसाला ते सांगायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच. या अंकाच्या संपादकांनी फोन करून, घरी बसून ऑनलाइन शिकवण्याचे गमतीदार अनुभव लिहा म्हणून सांगितलं तेव्हा मी हो म्हणालो आणि गमतीच लिहायला बसलो. दोन पानं झाली आणि हात थांबला. गमती आहेत, सांगतोही. पण त्यांच्या आडोशाला दुसरं काही झाकून ठेवायचं आता जमत नाही.

मी तेरला राहतो आणि जवळच्या एका विनाअनुदानित हायस्कूलवर इंग्रजी शिकवतो. विनाअनुदानित म्हणजे काय, हे ज्यांना कळतं त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना कळत नाही त्यांनी एवढंच समजावं की आमच्या पगाराची वाट आमच्यापेक्षा किराणा दुकानदार जास्त पाहतो. थोरली लेक लातूरला शिकायला गेली आणि ओढाताण सुरू झाली. एका जुन्या सोबत्यानं पुण्याच्या एका कंपनीचं सांगितलं. मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवायचं, घरी बसून, पडद्यावर. शाळा सकाळची, त्यामुळं दुपार मोकळी होती. बायकोच्या शिलाई मशीनच्या खोलीत भिंतीला निळी चादर लावली, कानाला हेडफोन अडकवला आणि सुरुवात केली.

कंपनीतल्या मुलीनं पहिल्याच दिवशी सांगितलं की रंगनाथ हे नाव लांब होतंय, ग्राहकाच्या तोंडात बसत नाही. तिनं ते 'रॉन' केलं. आडनाव नाही, गाव नाही. पडद्याखाली नुसतं रॉन सर. बायकोला त्याचं फार हसू यायचं. तास संपवून बाहेर आलो की म्हणायची, "रॉन सर, गिरणीतनं दळण आणा बरं."

हे काम बाहेरून दिसतं तेवढं बोलण्याचं नाही, ते गप्प बसण्याचं आहे. वर्गात चाळीस पोरं असतात, एकाला उत्तर आलं नाही तर दुसऱ्याला विचारता येतं. इथं समोर एकटा माणूस असतो. तो शब्द शोधत असतो, कपाळावर घाम येतो, आणि शिकवणाऱ्याच्या जिभेवर तो शब्द तयार असतो. तो गिळायचा. तो दिला की माणूस पुढच्या वेळीही तुमच्या तोंडाकडं बघतो. चुकाही सगळ्या दाखवायच्या नाहीत. दोन दाखवायच्या, बाकीच्या सोडून द्यायच्या. नाहीतर दुसऱ्या आठवड्यात तो येत नाही. आणि कान उघडे ठेवायचे. माणूस पडद्यावर मानेपर्यंतच दिसतो, पण त्याचं घर ऐकू येतं. कुकरची शिट्टी, खोकणारं म्हातारं माणूस, 'किती वेळ चाललंय' म्हणून कुणीतरी आपटलेलं दार.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक निवृत्त हवालदार होते. लेकाकडं परदेशात जायचं म्हणून शिकत होते. मी प्रश्न विचारला की ते खुर्चीतून उठून उभे राहायचे आणि पडद्यावर नुसतं पोट दिसायचं. बसून बोला म्हटलं तर म्हणायचे, वरिष्ठासमोर बसून बोलायची सवय नाही. शेवटपर्यंत मी त्यांच्या शर्टाच्या गुंड्यांनाच इंग्रजी शिकवलं.

दुसरा अणदूरचा एक ड्रायव्हर, आखाती देशात पाण्याचा टँकर चालवणारा. त्याला फक्त एकच गोष्ट शिकायची होती. मुकादम ओरडला की 'चूक माझी नाही' हे त्याला राग न येता कसं सांगायचं. ते शिकवलं. मग रोज काय केलं ते सांग म्हटलं, तर एके दिवशी इंग्रजीत म्हणाला की मी आईला फोन करत नाही, कारण ती रडते आणि मग मला जेवण जात नाही. मी चकित झालो. हा माणूस मराठीत एवढं कधीच बोलला नसता. मराठीत त्यानं 'चाललंय सगळं मजेत' म्हणून वेळ मारून नेली असती. तेव्हापासून मला कळलं की तुटक्या इंग्रजीत माणूस खरं बोलतो. लपवायला शब्द लागतात आणि तेवढे शब्द त्याच्याजवळ नसतात.

आता तिच्याबद्दल. तिला दोन नावं आहेत, एक बापानं ठेवलेलं आणि एक सासरी मिळालेलं. इथं दोन्ही लिहीत नाही.

ती माझ्याकडं आली ती बापानं ठेवलेल्या नावानं. तिच्या लातूरच्या बहिणीनं नाव नोंदवलं होतं, फोनही बहिणीनंच दिलेला. कॅमेरा बंद ठेवायची. बऱ्याच बायका ठेवतात, मी आग्रह करत नाही. तिच्या आवाजामागं म्हशीच्या साखळीचा आवाज यायचा. दुपारी घरातली माणसं शेतावर गेली आणि सासूचा डोळा लागला की गोठ्यात बसून ती तास करायची. कळंबच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, दोन मुली. पहिले काही आठवडे नुसती कुजबुजल्यासारखी बोलायची. मग आवाज सुटला. हुशार होती. माझा तास संपायचा आणि मला वाटायचं, अजून अर्धा तास हिच्याशी बोलावं.

एके दिवशी तिनं विचारलं की सर, तुम्ही करता ते काम मला करता येईल का. कंपनीला लहान मुलांना शिकवायला बायका हव्या असायच्या. मी सांगितलं की परीक्षा असते, परीक्षा घेणारा आठ वर्षांचं पोर असल्यासारखा वागतो आणि त्याला शिकवून दाखवायचं. मग आम्ही ते सुरू केलं. मी पोर व्हायचो, हट्ट करायचो, मुद्दाम चुकीचं बोलायचो. ती चिडायची नाही. मला शब्द सापडेपर्यंत थांबायची. हे थांबणं मला शिकायला वर्ष गेलं होतं, तिला ते उपजत होतं.

याच काळात एकदा मी तिला घराचं वर्णन करायला सांगितलं. हा नेहमीचा धडा. ती सांगायला लागली की मोठं फाटक आहे, त्याच्यावर लोखंडाचे दोन मोर आहेत, एकाची मान मोडली आहे. फाटकाच्या आत विहीर आहे, ती आटली म्हणून झाकली आणि वर तुळस ठेवली.

ते फाटक मी पाहिलेलं होतं. ते मोर बार्शीहून करून आणलेले होते आणि घराच्या मालकानं मला ते दोनदा हात लावून दाखवले होते. ईटच्या पुढं एक गाव आहे, तिथले ते तात्या, माझ्या बायकोचे मावसभाऊ. मोठे बागायतदार, चार गावांत शब्दाला मान. ही त्यांची थोरली सून. तिच्या लग्नाला मी होतो. नवऱ्यानं ताटातल्या तांदळांत अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं तेव्हा पेढा मीही खाल्ला होता. जुनं नाव काय होतं, ते त्या मांडवातून बाहेर पडेपर्यंत कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माझ्याही नाही.

मी पहिल्यांदाच तिच्याशी मराठीत बोललो. म्हणालो, "पोरी, मी रंगनाथ मामा. तेरचा."

पलीकडं नुसती म्हशीची साखळी वाजत राहिली. मग ती बोलली, आणि इंग्रजीतच बोलली.

"सर, नोबडी नो. ओन्ली यू."

आणि मी काय केलं, तर सवयीनं 'नो'चं 'नोज' करून तिची चूक सुधारली. तिनं मुकाट्यानं वाक्य पुन्हा बरोबर म्हटलं आणि धडा पुढं चालू झाला. ती विनवणी होती. मी ती वाक्य म्हणून ऐकली.

पुढच्या तासांत हळूहळू कळत गेलं. घरात छळ नव्हता. तात्या वाईट माणूस नाही. पण सुनेनं चार पैसे कमवायचे म्हणजे घराला कमी आहे असं गाव म्हणेल, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. नवरा हार्वेस्टर घेऊन अर्धं वर्ष बाहेर. धाकट्या जावेला मुलगा झालेला आणि आता थोरलीकडूनही तीच अपेक्षा. तिनं एकदा तुटक इंग्रजीत सांगितलं, त्यांना एक मुलगा पाहिजे, मला दोघींची शाळा पाहिजे. धाराशिवला एक खोली घ्यायची, मुलींना तिथल्या शाळेत घालायचं आणि दुपारी शिकवायचं, एवढा तिचा बेत होता. सगळं त्या परीक्षेवर होतं.

परीक्षेची तारीख आली, एक बुधवार. अडचण एकच. परीक्षेला कॅमेरा चालू लागतो, उजेड लागतो, शांत खोली लागते. गोठ्यात ते होणार नव्हतं. ती म्हणाली की सर, मी करते काहीतरी, बहिणीकडं जायचं निमित्त काढते. मला तिनं काही मागितलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो.

त्याच्या आधीच्या रविवारी तात्यांच्या घरी धाकट्या सुनेच्या मुलाचं जावळ होतं. आम्हाला आमंत्रण होतंच. आमच्याकडं जावयाचा मान काय असतो हे नव्यानं सांगायला नको. मी त्या घरचा दाजी. गादीवर बसवलं, टोपी-टॉवेल समोर आला. अशा वेळी थट्टा चालते, दाजीनं अडून बसायचं, काहीतरी मागायचं, यजमानानं हो-नाही करत द्यायचं.

तात्या हसत म्हणाले, "दाजी, नातवाचं जावळ हाय. आज मागाल ते मिळंल. फकस्त मोटारसायकल मागू नका, ती मागच्या जावयानं नेली."

मांडव हसला. आणि माझ्या डोक्यात ते आलं. खरं तर येतानाच आलं होतं. आमच्या भागात चार माणसांत टाकलेला शब्द सहसा कुणी मोडत नाही. सोयरीक अशीच जुळते, भांडण असंच मिटतं. घरात जे वर्षभर होत नाही ते पंगतीत एका वाक्यात होतं. मला वाटलं, हीच वेळ आहे. आणि कबूल करायचंच तर हेही करतो, मला वाटलं की सगळ्यांना कळेल ही पोर कुणी घडवली.

मी टोपी बाजूला ठेवली. म्हणालो, "मला हे काही नको, तात्या. तुमच्या थोरल्या सूनबाईंना येत्या बुधवारी एक खोली आणि अर्धा तास द्या. परीक्षा आहे त्यांची. सहा-सात महिने झाले, त्या माझ्याकडं फोनवर इंग्रजी शिकतायत. अशी विद्यार्थिनी मला आजवर मिळाली नाही."

कुणीतरी टाळी वाजवली. कुणी म्हणालं, बघा, आपल्याच घरात मॅडम आहे आणि आपल्याला पत्ता नाही. तात्या माझ्याकडं बघत राहिले. मग मोठ्यानं हसले.

"दिलं," ते म्हणाले. "दाजीचा शब्द खाली पडू द्यायचा न्हाय."

माझी छाती फुगली. मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. ती वरणाची बादली घेऊन उभी होती. माझ्याकडं बघत नव्हती, सासूकडं बघत होती. मला वाटलं, लाजली.

परतताना गाडीत बायकोनं विचारलं, "तुमी तिला इचारलं व्हतं का, असं बोलू का म्हणून?"

मी म्हणालो, त्यात विचारायचं काय, चांगलंच झालं की. मग तिनं विचारलं की तुमची विद्यार्थिनी म्हणजे तात्यांची सून, हे तुम्हाला कधी कळलं. मी बायकोच्या माहेरची गोष्ट तीन महिने तिच्यापासूनच लपवली होती. ते सांगितलं असतं तर घरी पोचेपर्यंत वाद चालला असता. मी म्हणालो, आजच, आवाजावरून ओळखली. तेव्हा ते नुसतं सोयीचं बोलणं होतं.

सोमवारी तिचा तास होता. ती आली नाही. कंपनीचा नियम असा की विद्यार्थी आला नाही तरी शिकवणाऱ्यानं दहा मिनिटं वाट बघायची. पडद्यावर तेवढा वेळ आपलंच तोंड दिसत राहतं. मी निळ्या चादरीसमोरचं माझं तोंड बघत बसलो. बुधवारी संध्याकाळी कंपनीकडून कळलं की उमेदवार हजर राहिला नाही.

पुढच्या आठवड्यात तात्या आले. धाराशिवला काम होतं म्हणून वाट वाकडी करून आले असं म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. बायकोनं पाणी दिलं, चहा ठेवला. तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"दाजी, चार माणसांत तुमचा मान राखला. आता घरातलं इचारतो. आमच्या गोठ्यात बसून आमची सून महिनोन्‌महिने परक्या माणसाशी बोलती, आन् ते आमच्या आधी पंगतीला कळतं. म्या हसलो तवा माझं मला ठाऊक. तुमाला कवापासनं ठाऊक हुतं, ती कोण हाय ते?"

तेच पुढं म्हणाले.

"आधीपासनं ठाऊक आसंल तर तसं सांगा. मी तुमाला काय बोलणार न्हाय. बहिणीचं घर हाय हे."

त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. मी एवढंच म्हणायचं होतं की हो, ठाऊक होतं, तिनं मला सांगू नका म्हणून विनवलं होतं, मी तिला न विचारता बोललो, चूक माझी. अणदूरच्या ड्रायव्हरला मी उलटं वाक्य शिकवलं होतं. मला सरळ वाक्य आलं नाही. बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. गाडीतलं उत्तर तिच्या कानात होतं. शाळेत, सोयऱ्यात, सगळीकडं मी सरळ माणूस म्हणून ओळखला जातो, तेही डोळ्यांसमोर आलं.

मी म्हणालो, "त्याच दिवशी कळलं, तात्या. तोवर तिनं दुसरंच नाव सांगितलं होतं."

तात्यांनी मान हलवली. "म्हंजे तुमालाबी फसवलं तिनं."

मी नाही म्हणालो नाही. हे बोललेल्या खोट्यापेक्षाही मोठं पाप. तात्यांचा चेहरा सैल झाला. दाजी निर्दोष निघाले, बहिणीचं घर शाबूत राहिलं. त्यांनी चहा घेतला, पावसाचं बोलले, माझ्या लेकीची चौकशी केली. मी रॉन नावानं शिकवत होतो. ती तिच्या बापानं ठेवलेल्या नावानं शिकत होती. आमच्या दोघांत नाव बदललेला एकच माणूस होता आणि तो तात्यांसमोर बशीत चहा ओतून पीत होता.

पुढचं मला बायकोच्या फोनवरून तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. फोन काढून घेतला. बहिणीचं येणं-जाणं बंद झालं. मारहाण कुणी केली नाही. पण 'नाव बदलून शिकत होती' हे वाक्य सगळ्या सोयऱ्यांत फिरलं. इंग्रजी शिकली याचा राग लोक महिन्या-दोन महिन्यांत विसरले असते. नाव बदलणारी बाई, हे कुणी विसरलं नाही. ती माहेरी जाते म्हणाली तरी खरंच माहेरी का, असं विचारायला लागले. तेवढं वाक्य मी दिलेलं होतं.

पुढच्या वर्षी तिला तिसरं मूल झालं, मुलगा. पेढे आमच्याकडंही आले. मी एक खाल्ला. बायको म्हणाली, झालं बाई तिचं सगळं नीट.

त्यानंतर ती मला एकदाच भेटली, धाराशिवला एका लग्नात. कडेवर पोर, सोबत थोरली मुलगी. मला बघून तिनं पदर सावरला, वाकून नमस्कार केला.

"मामा, जेवलात का?"

तिच्या तोंडून मला सर ऐकायची सवय होती. मी जेवलो म्हणालो. मग मुलीला विचारलं, कितवीला आहेस. मुलगी इंग्रजीत बोलायला गेली आणि मध्येच अडली. मी वाट बघितली की आई आता शब्द देईल. तिनं दिला नाही. ती शांतपणे थांबली, मुलीकडं बघत, कडेवरच्या पोराला थोपटत. मुलीला शब्द सापडला, तिनं वाक्य पुरं केलं. तेवढ्यात आतून सासूची हाक आली आणि त्या दोघी गेल्या.

मी अजून शिकवतो. दुपारची तिच्या तासाची वेळ बराच काळ मी दुसऱ्या कुणाला देऊ दिली नाही. मग कंपनीनंच दिली.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा या वेळी मात्र तिला विचारलं. तिच्या बहिणीचा नंबर मिळवला, तिला झालेलं सांगितलं. खरं म्हणजे पहिल्यांदा कुणाला सांगितलं ते तिला, पण तिथंही 'मला ठाऊक होतं' हे शब्द तोंडातून निघाले नाहीत, 'माझ्याकडून चुकलं' एवढंच निघालं. लिहू का, तिचं नाव-गाव लिहिणार नाही, असं विचारा म्हणालो. बहीण म्हणाली, विचारते. आठवड्यानं तिचा फोन आला.

"लिहा म्हणाली. पण आधी तिच्या सासरी येऊन सगळ्यांसमोर सांगा म्हणाली."

मी पुन्हा तिच्या सांगण्याच्या उलट केलं. लेख आधी लिहून झाला. दोन वेळा बसस्टँडपर्यंत गेलो, एकदा तर गाडीत बसलोही, आणि येडशीला उतरून परत आलो. तात्या आता थकलेत पण आहेत. त्या दिवशी मांडवात बसलेले बहुतेक सगळे आहेत. त्यांना बोलावून, त्याच अंगणात उभं राहून, तिनं कुणालाच फसवलेलं नव्हतं, खोटं मी बोललो होतो, हे तिच्यासमोर सांगणं माझ्याकडं अजून बाकी आहे.